थंडी भरताची, तशी डोंगराचीही
डिसेंबर जवळ आला की जळगाव-धुळ्याच्या बऱ्याच घरांत गुलमर्ग, औली, मनालीचे बेत शिजू लागतात. तिथल्या खेळांपैकी स्कीइंग शिकावं लागतं, पडून-झडून घ्यावं लागतं. स्नोशूचं तसं नाही. बुटाखाली बांधायची ही रुंद चौकट माणसाचं वजन जास्त जागेवर पसरवते, म्हणून भुसभुशीत बर्फात पाय रुतत नाही. पंजा पट्ट्यांनी आवळलेला, टाच मोकळी आणि तळाला बर्फ धरणारे दात. ज्याला चालता येतं त्याला हे जमतं, असं सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. पाय जरा फाकवून, प्रत्येक पाऊल उचलून टाकत चढ चढायचा म्हणजे मांड्या आणि दम दोन्ही लागतात. त्यात गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आणि जळगाव जेमतेम २०० मीटरवर. वर्षभर गल्ल्यावर किंवा टेबलामागे बसलेल्या माणसाने तिथे पहिल्यांदाच हे बांधलं, तर फोटो निघतात आणि धाप लागते. जाऊ नये असं कोण म्हणेल? पण थंडीतला व्यायाम हा सहलीच्या चार दिवसांचा विषय झाला आणि दारातले तीन महिने वाया गेले, ही मात्र तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे.

स्नोशू मुळात खेळ नव्हता. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींनी लाकडाची चौकट आणि कातडी वाद्यांची जाळी करून तो शिकारीसाठी, प्रवासासाठी वापरला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मॉन्ट्रियलमध्ये त्याचे क्लब निघाले आणि शहरी लोक हौसेने बर्फ तुडवू लागले. दार उघडणं जिवावर यावं अशा हवामानात त्यांनी हिवाळा बाहेर काढायची सोय केली. आपलं गणित नेमकं उलट आहे. खानदेशात घरात कोंडणारा ऋतू उन्हाळा. मार्चपासून ऊन चढतं, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि मग पावसात काळ्या मातीचा चिखल. उरतात ते नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस. उत्तरेकडून कोरडे वारे सुटले की पहाटे पारा दहाच्याही खाली उतरतो, आणि दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो. बर्फाळ देशातल्या माणसाला हेवा वाटावा असा हा हंगाम आहे.

तो आपण खाण्यात घालवतो. बामणोदची वांगी काड्यांवर भाजून केलेलं भरीत, कांद्याची पात, कळण्याची भाकरी, शेतातली पार्टी. घरी डिंकाचे, मेथीचे लाडू. यातलं काहीही सोडा असं सांगण्याचं धाडस कोणी खानदेशी माणूस करणार नाही, आणि करूही नये. पण ज्या आयुर्वेदाच्या नावाने थंडीत तूप-डिंक पोटात जातो, त्याच परंपरेतल्या वाग्भटाने स्निग्ध खाणाऱ्या बलवानाला थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंत व्यायामही सांगितला आहे. आपण लाडूचं कलम लागू केलं आणि पुढचं गाळलं. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांहून जास्त होतं. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम श्रम, एवढीच जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे.

ती जळगावच्या मेहरूण तलावाभोवतीच्या फेऱ्यांनीही पुरी होते, हे कबूल. तरी सपाट रस्ता आणि डोंगर यांत फरक आहे. चढावर दम लागतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, म्हणून पहिल्या खेपेनंतर दोन दिवस जिना उतरताना माणूस कठडा धरतो. दगड-मुरमावर घोट्याला आणि तोलाला जे काम पडतं, ते डांबरावर पडत नाही. अशी जागा शोधायला लांब जायला नको. धुळ्याला आग्रा रोडवर लळिंगचा फारुकी काळातला किल्ला शहराच्या उशाशीच आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवी, तिथून गौताळ्याचं जंगल, कण्हेरगड, पितळखोऱ्याची लेणी. यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याला मनुदेवी, रावेर तालुक्यात पाल. आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेलं तोरणमाळ. स्नोशूची हौस असणाऱ्यांनी आधी लळिंग चार-सहा वेळा चढून पाहावा. गुलमर्गचे पैसे वसूल होतील.

यावर पहिला आक्षेप असा की कापूस वेचणाऱ्या बाईला आणि रात्री गव्हाला पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला व्यायाम काय शिकवता? त्यांना नाहीच शिकवायचा. हे सगळं त्यांच्या शिकून शहरात आलेल्या, फ्लॅट-दुकान-बँकेत बसणाऱ्या मुलांसाठी आहे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर: थंडीत रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, आणि पहाटे शेकोट्यांचा धूर वरच्या उबदार हवेखाली अडकून जमिनीलगत राहतो. म्हणूनच पाच वाजता कानटोपी घालून निघण्याचा हट्ट चुकीचा. आपल्याकडे ऊन आठपर्यंत मऊ तापतं, धूर वर जाऊ लागतो. आठ ते अकरा ही वेळ उत्तम. साठीच्या पुढच्यांनी, दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच चढ धरावा. जंगलात बिबट्या असतो, तेव्हा यावल किंवा गौताळा अभयारण्यात वन खात्याच्या नियमाने, मळलेल्या वाटेने, उजेडात आणि सोबतीने जायचं. पार्टीच्या थर्माकोलच्या पत्रावळी तिथे टाकून येणाऱ्यांनी मात्र घरीच बसलेलं बरं.

तिसरा आक्षेप बायकांचा, आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. वाटेवर माणसं नाहीत, पाणी नाही, स्वच्छतागृह नाही, मग जायचं कसं? इथे काम पालिकांचं, वन खात्याचं आणि एसटीचं आहे. बागाबागांत ओपन जिमची लोखंडी यंत्रं बसतात, गंजतातही. त्याच खर्चातून लळिंग आणि पाटणादेवीच्या पायथ्याला पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, चढाच्या वाटेवर दिशादर्शक पाट्या, आणि तीन महिने रविवारी सकाळी जाऊन दुपारी परतणारी एक बस, एवढं मागायला हरकत नाही. दिवाळी झाली की निर्णय झाला पाहिजे; जानेवारीत निविदा काढून उपयोग नाही, कारण शिवरात्रीनंतर डोंगरावर पाय ठेवायला ऊन देत नाही.