वीरधवल पेटीतच राहू द्या

मंडळाच्या ग्रंथपेटीतून नाथमाधव आणि गो. ना. दातार यांच्या अद्भुत कादंबऱ्या काढून टाकाव्यात, असं काही पालकांनी सुचवलं आहे. बायका एकतर सोशीक नाहीतर कपटी, शौर्य घराण्यावर ठरलेलं. हे आपल्या मुलांनी का वाचावं, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप खरा आहे. उपाय मला अजिबात मान्य नाही.

या पुस्तकांना नावं ठेवणं जुनंच आहे. आधीच्या पिढ्यांना मुलं बिघडतील याची धास्ती होती. या कादंबऱ्यांचं मूळ जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सपर्यंत जातं. हा चार्टिस्ट चळवळीतला, गोरगरिबांनी डोक्यावर घेतलेला इंग्रज लेखक; खून, विषप्रयोग आणि शृंगार यांमुळे तिथल्या घरंदाजांनी त्याला नाक मुरडलं. आपल्याकडे तो हातोहात वाचला गेला. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी, १८८५ सालची ‘मधली स्थिती’, त्याच्याच आधारानं उभी राहिली. आणि त्याच हरिभाऊंनी पुढे ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली यमू लिहिली. रेनॉल्ड्स वाचून त्यांची माणुसकी आटली नाही.

नाथमाधवांचा ‘वीरधवल’ १९१३चा. सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखालचं शरीर लुळं झालेल्या माणसानं ही धावपळ, हे थरार लिहिले. त्या थराराची ओढ मला आजही तितकीच जाणवते, आणि ती मुलांपासून हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आम्ही कर्जतकडची मुलं असली पुस्तकं वाचून कोंडाण्याच्या लेण्यात जायचो. राजमाचीच्या पोटात, पावसाळ्यात तोंडावरून धबधबा कोसळणारं ते लेणं. आत गुप्त भुयार असणारच, याची आम्हाला पक्की खात्री. परवा कादंबऱ्या पुन्हा वाचताना मात्र मला त्या लेण्यातला ब्राह्मी लेख आठवत राहिला. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात, भंगलेल्या यक्षमूर्तीपाशी कोरलंय की हे कण्हाचा शिष्य बलक यानं घडवलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घडवणाऱ्याचं नाव तिथे टिकून आहे. आमच्या लाडक्या कादंबऱ्यांत भुयारं, चोरदरवाजे, तळघरं हवी तितकी, पण ती खोदणारा कोणी मला भेटला नाही. डोंगराची प्रत्येक वाट ज्यांना पाठ, ते आमच्याकडचे ठाकर-कातकरीही कुठे सापडले नाहीत. माझ्या मते पालकांनी सांगितलेल्या दोषांहून हा दोष मोठा आहे. पण तो दिसायला पुस्तक हातात हवं.

म्हणूनच खटकणारं गाळून काढलेली बालआवृत्ती मला सर्वांत घातक वाटते. तीत थरार उरतो आणि भांडायला जागाच उरत नाही.

माझी सूचना अशी. उन्हाळी सुट्टीत दर रविवारी ‘वीरधवल’ संपूर्ण, एक ओळही न गाळता, मोठ्यानं वाचू. आपल्या बऱ्याच मुलांना देवनागरी वाचणं जड जातं, ऐकणं नाही. चौदा-पंधरा वर्षांची मुलं हवीत. मध्ये थांबवायची, विचारायची, चिडायची मुभा हवी. आणि ज्या पालकांनी ही पुस्तकं काढायला सांगितली, त्यांनी पहिल्या रविवारी नक्की यावं. त्यांचे आक्षेप मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकावेत.