मास्टर चार्टमागचे रुग्ण

रुग्णाचा रक्तदाब कोसळला की शिरेतून द्रव द्यावे लागते. साधे सलाईन द्यायचे की स्टार्चयुक्त महागडे द्रव, हा भूलतज्ज्ञांमधला जुना वाद. स्टार्चच्या बाजूने भरघोस पुरावा देणाऱ्यांत योआखिम बोल्ट हे जर्मन भूलतज्ज्ञ आघाडीवर होते. 2009च्या अखेरीस त्यांचा एक शोधनिबंध आला आणि काही वाचकांनी संपादकांना पत्रे लिहिली. रक्ततपासणीचे आकडे फारच एकसारखे होते. खऱ्या रुग्णांचे रक्त इतके शिस्तीत वागत नाही! चौकशीत नैतिकता समितीची परवानगीच सापडली नाही. तो निबंध 2010 मध्ये मागे घेतला गेला. पाठोपाठ इतरही गेले आणि आज ही संख्या 200च्या वर आहे.

प्रश्न एका डॉक्टरच्या अब्रूचा नव्हता. 2013 मध्ये कॅनडातील संशोधकांनी अशा द्रवांवरच्या 38 चाचण्या एकत्र तपासल्या. बोल्ट यांच्या 7 चाचण्या वगळल्या, तेव्हा स्टार्च दिलेल्या अत्यवस्थ रुग्णांत मृत्यू आणि मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण जास्त असल्याचे स्पष्ट दिसले. त्या 7 मुळे चित्र धूसर होत होते. त्या काळात हे द्रव किती रुग्णांच्या शिरांत गेले असेल, याचा हिशेब कोण देणार?

हे जर्मनीत घडले म्हणून आपण निर्धास्त राहावे, अशी स्थिती नाही. आपल्याकडे एमडी, एमएस करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. सिनॉप्सिस मंजूर होतो, नैतिकता समितीचा शिक्का बसतो आणि मग खरी अडचण सुरू होते. वॉर्ड, ओपीडी, रात्रपाळी यांतून शंभर रुग्ण गाठायचे, त्यांची संमती घ्यायची, तीन-तीन महिन्यांनी त्यांना पुन्हा बोलवायचे. गावाकडे परतलेला रुग्ण नुसत्या तपासणीसाठी एसटीचे भाडे खर्चून येत नाही. जमा करण्याची तारीख जवळ येते आणि मास्टर चार्टमधले रिकामे रकाने भरण्याचा मोह होतो. सगळेच तसे करतात असे मुळीच नाही. पण करणाऱ्याला पकडणारी यंत्रणा कुठे आहे?

यंत्रणा आहे ती नकलेसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सुधारून द्यायचा. 60च्या वर गेले तर नोंदणी रद्द. नियम चांगलाच आहे. पण सॉफ्टवेअर वाक्ये जुळवून पाहते. रुग्ण खरा होता का, हे त्याला कळत नाही. बनावट आकडे हे तर शंभर टक्के ‘मौलिक’ असतात! संशोधन पद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रमही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. त्याचा उपयोग होतो, पण प्रमाणपत्र मिळाल्याने रात्रपाळी कमी होत नाही.

उपाय फार खर्चिक नाही. प्रबंधाच्या शेवटी मास्टर चार्ट असतो आणि त्यात रुग्णांचे आयपीडी क्रमांक असतात. विद्यापीठाने जमा झालेल्या प्रबंधांपैकी थोडे चिठ्ठी टाकून निवडावेत, प्रत्येकातले कोणतेही दहा क्रमांक घ्यावेत आणि महाविद्यालयाच्या रेकॉर्ड रूममधून त्या फायली मागवाव्यात. संमतीपत्र आहे का, तारीख जुळते का, क्रिएटिनिनचा आकडा तोच आहे का, एवढेच पाहायचे. (रक्तदाबाचे आकडे शून्यावर संपतात म्हणून मात्र कुणाला दोषी धरू नये. पारा पाहून मोजणाऱ्यांची ती जुनी सवय आहे.) चूक निघाली तर विद्यार्थ्याइतकाच जाब मार्गदर्शकालाही विचारावा, कारण प्रमाणपत्रावर सही त्याची असते.

आणि रुग्णांची संख्या कमी करावी. 40 रुग्णांचा खरा अभ्यास, त्यातले 12 जण परत आले नाहीत अशी सरळ नोंद, आणि निष्कर्ष काढता येत नाही असे शेवटचे पान, हा प्रबंध उत्तीर्ण व्हायला हवा. आज तो तोंडी परीक्षेत टिकेल की नाही, याची धास्ती विद्यार्थ्याला वाटते. परीक्षकांनी ठरवले, तर ती पुढच्याच परीक्षेपासून दूर होऊ शकते. त्यासाठी नव्या परिपत्रकाची गरज नाही.