माफी बंदूकवाल्याला, जीव मात्र वस्तीचा टांगणीला!

२० फेब्रुवारी २०२५ रोजी मणिपूरच्या राज्यपालांनी आवाहन केले: लुटलेली आणि बेकायदा शस्त्रे सात दिवसांत जमा करा, कारवाई होणार नाही. मुदत पुढे ६ मार्चपर्यंत वाढवली. हजारभर शस्त्रे आली. लुटली गेली होती सहा हजारांच्या आसपास. आली ती बरेच झाले. पण माफी बंदुका मोजते. त्या कोणावर रोखल्या होत्या, हे विचारत नाही.

आपल्याकडे काय? डिसेंबर २०२४ मध्ये बीडमध्ये सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. मग हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडिओ फिरले, जिल्ह्यातल्या बाराशेहून अधिक शस्त्रपरवान्यांची चर्चा झाली आणि शंभरहून अधिक परवाने रद्द झाले. म्हणजे सरकारला जाग यायला एक मुडदा पडावा लागला!

कायदा मुडद्याची वाट पाहायला सांगत नाही. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ३ वाचा. राज्य सरकारने अत्याचारप्रवण भाग शोधायचा. गरज असेल तर तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात ठेवायची. बेकायदा शस्त्रे जप्त करायची. गरज भासल्यास आपल्या लोकांना परवाने द्यायचे. नियमात शब्द ‘जप्ती’ आहे, ‘माफी’ नाही!

कोणी विचारेल, मग तुम्हालाही बंदुका हव्यात का? नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडायला सांगितले, ते आम्ही मानतो. आम्हाला समोरच्याच्या हातातली बंदूक खाली हवी आहे, तीही त्याच्या मर्जीने नव्हे, कायद्याने. उद्या महाराष्ट्रात माफी योजना आणायचीच असेल, तर अट एकच: अत्याचाराच्या गुन्ह्यात वापरलेल्या हत्याराला माफी नाही.

द्रोणागिरी-उरणच्या तरुणांनो, तुमचा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो. माहिती अधिकारात तीन प्रश्न टाका. आयुक्तालयाच्या हद्दीत शस्त्रपरवाने किती? अत्याचारप्रवण म्हणून कोणता भाग नोंदवला? नियम ३ खाली किती परवाने रद्द झाले, किती बेकायदा शस्त्रे जप्त झाली? उत्तर ‘निरंक’ आले, तर तोच कागद घेऊन मोर्चा काढा. जयंतीच्या वर्गणीइतकीच या अर्जाचीही काळजी घ्या.

जय भीम! जय संविधान!