पाव : एका शब्दाची तीन कुळे

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, समुद्राला खेटून वसलेल्या कळंब गावाच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी मुंबईकरांची रीघ लागते. एखादा गृहस्थ दुकानात शिरतो, पाव किलो फरसाण मागतो, मुलांसाठी चार पाव घेतो आणि पैसे मोजून पावती खिशात टाकतो. आपण एका दमात तीन निरनिराळ्या कुळांतील शब्द उच्चारले, याची त्याला गंधवार्ताही नसते. आणि नसावी हेच स्वाभाविक आहे. शब्द वापरणाऱ्याने प्रत्येक वेळी त्याची वंशावळ विचारायची म्हटले, तर बोलणेच खुंटेल. परंतु ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून भाषेच्या कुळाची आणि शुद्धतेची चर्चा पुन्हा रंगात आली आहे. अशा वेळी दोन अक्षरांच्या या शब्दाची जन्मपत्रिका मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. कारण या शब्दाने केवळ कोशकारांनाच नव्हे, तर समाजालाही एके काळी मोठ्या संकटात टाकले होते.

पहिला 'पाव' चतुर्थांशाचा. त्याचे मूळ संस्कृत 'पाद'. चतुष्पाद प्राण्याचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, या साध्या हिशेबाने पायावरून अपूर्णांक तयार झाला. श्लोकाच्या चौथ्या भागालाही पाद किंवा चरण म्हणतात ते याच न्यायाने. प्राकृतात शब्दाच्या मधला 'द' गळून पडला आणि 'पाद' पासून मराठीत एकीकडे 'पाय' तर दुसरीकडे 'पाव' निपजला. 'सपाद' म्हणजे पावासहित, त्याचा 'सव्वा' झाला. 'पादोन' म्हणजे पाव कमी, त्याचे 'पाऊण' झाले. पावशेर आणि पावली ही याच घरची लेकरे. या घराण्याचा गोतावळाही मोठा आहे. फारसीतील 'पा', जो पायजम्यात आहे, लॅटिनमधील 'पेदिस' आणि इंग्रजी 'फूट' हे सारे एकाच आदिम धातूचे वंशज मानले जातात.

दुसरा 'पाव' क्रियापदातील. संस्कृत 'प्राप्' या धातूचे प्राकृतात 'पाव' झाले आणि त्यापासून मराठी 'पावणे' आले. देव नवसाला पावतो, पत्र हाती पावते आणि रक्कम पावली असे लिहून दिलेला कागद 'पावती' होतो. कचेरीत दिवसभर पावत्या फाडणाऱ्या कारकुनाचा आणि नवसाला पावणाऱ्या देवाचा धातू एकच आहे, हे कळल्याने कारकुनाचा पगार वाढणार नाही. पण त्याच्या कामाला थोडी प्रतिष्ठा यावयास हरकत नाही.

'कळंब' हे गावाचे नावही शब्द कसे पालटतात याचाच दाखला होय. कळंब म्हणजे कदंब वृक्ष. कदंबातील 'द' चा प्राकृतात 'ल' झाला आणि मराठीच्या तोंडी त्याचा 'ळ' बनला. गर्भवतीच्या 'दोहद' चे 'डोहाळे' झाले तेही याच वाटेने. संस्कृत रूप अधिक शुद्ध म्हणून कोणी या गावाला 'कदंब' म्हणू लागला, तर गावकरीच त्याला हसतील. झिजलेला शब्द हा बिघडलेला शब्द नव्हे. तो पिढ्यानपिढ्या वापरात राहिलेला शब्द होय.

तिसरा 'पाव' खाण्याचा. त्याचा पायाशी वा चतुर्थांशाशी काडीचाही संबंध नाही. कणीक पायाने तुडवतात म्हणून पाव, किंवा चार तुकड्यांतला एक म्हणून पाव, अशा व्युत्पत्त्या आजही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितल्या जातात. त्या खोट्या आहेत. त्यातील पहिली तर केवळ खोटी नाही, तिच्या पोटात तिरस्कारही दडलेला आहे. खरा शब्द पोर्तुगीज. लॅटिनमध्ये रोटीला 'पानिस' म्हणत; त्याचे इटालियनमध्ये 'पाने', स्पॅनिशमध्ये 'पान' आणि पोर्तुगीजमध्ये नाकात उच्चारला जाणारा 'पांव' झाला. कोकणीने तो अनुनासिक उच्चार जपला, मराठीने सोडून दिला. हिंदीत 'पावरोटी' आणि बंगालीत 'पाउरुटी' हे शब्द रूढ आहेत. म्हणजे रोटीचे नाव एकदा पोर्तुगीजमध्ये आणि पुन्हा देशी भाषेत घेतले जाते. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचले आणि तेथेही आज पावाला 'पान'च म्हणतात. उलट मलायात आपली 'रोटी' गेली. तेथील लोक भट्टीत भाजलेल्या पावालाही 'रोती' म्हणतात. जहाजे गेली, सत्ता बुडाल्या, खाण्याचे शब्द मात्र किनाऱ्यावर राहिले.

वसईच्या किनाऱ्यावर हा शब्द राहिला तो मात्र सुखासुखी नव्हे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत येथे धर्मांतरे झाली. त्यांत सत्तेचे दडपण होते, याविषयी दुमत नाही. त्या काळाची एक आख्यायिका या भागात अजून सांगितली जाते. गावच्या विहिरीत पाव टाकला गेला, नकळत ते पाणी प्यायलेले लोक बाटले असे ठरले आणि पुढे त्यांना ख्रिस्ती होण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ही कथा अक्षरशः घडली असो वा नसो, ती इतकी वर्षे टिकली यातच तिचे मर्म आहे. कथा ऐकणारा पाव टाकणाऱ्याला बोल लावतो आणि ते योग्यच आहे. परंतु एक प्रश्न तो सहसा विचारीत नाही. पिठाच्या एका गोळ्यात माणसाचा धर्म बदलण्याचे सामर्थ्य आले कोठून? ते पोर्तुगालहून आले नव्हते. पाणी प्यायलेल्या शेजाऱ्याला 'तू आमचा नाहीस' असे सांगणाऱ्यांनी ते त्या पावाला बहाल केले होते. टाकणारा एक होता. टाकून देणारे अनेक होते.

येथे शब्दाचा इतिहास विलक्षण उपरोधिक होतो. त्याच 'पानिस' पासून लॅटिनमध्ये आणखी एक शब्द घडला. 'कोम्' म्हणजे सह. ज्याच्यासह रोटी खायची तो 'कोंपानिओ', अर्थात सोबती. त्यावरून इंग्रजी 'कंपनी' आली आणि तीच पुढे व्यापाराच्या मिषाने या देशाची धनी झाली. मराठीत यालाच समांतर शब्द आहे 'रोटीव्यवहार'. दोन्ही भाषांनी एकच सत्य टिपले होते: ज्यांची भाकरी एकत्र, ते आपले. फरक एवढाच की एका भाषेने त्यातून सोबत सांगितली आणि दुसरीने बहुतेक वेळा त्या शब्दाचा उपयोग सोबत तोडण्यासाठी केला.

ही गोष्ट एका वैयाकरणाला नेमकी कळली होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे. १८३६ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि भाषेच्या नियमांचा हा जाणकार समाजाच्या नियमांकडे वळला. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे ते एक अग्रणी होते. या गुप्त सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. ज्या पावाने माणसे बाहेर काढली होती, तोच पाव आत येण्याची परीक्षा ठरला. सभा फार टिकली नाही; सभासदांची नावे उघड होण्याच्या भयाने १८६० च्या सुमारास ती मोडली. त्यानंतरही १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. सुशिक्षितांचे धैर्यदेखील किती तोकडे पडत होते, हे यावरून दिसते.

मग पावावरचा बहिष्कार उठवला कोणी? कोणत्याही सभेने नव्हे. गिरणीतल्या, कचेरीतल्या आणि लोकलमधल्या भुकेने तो उठवला. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकावयास आरंभ केला, असे सांगतात. आज वडापाव हे महाराष्ट्राच्या अस्मितेचे चिन्ह मानले जाते. त्यातील 'वडा' संस्कृत 'वटक' पासून आलेला, 'बटाटा' व 'पाव' पोर्तुगीजांकडून घेतलेले आणि मिरचीही अमेरिकेतून पोर्तुगीजांच्याच गलबतांनी आलेली. इकडे मराठी बायबलने मात्र प्रार्थनेतील रोजच्या अन्नासाठी 'भाकर' हा शब्द निवडला. मराठी ख्रिस्ती माणूस भाकर मागतो आणि हिंदू शेजारी पाव खातो; यात कोणाचेही काही बाटत नाही.

भाषेच्या शुद्धतेचा आग्रह सर्वस्वी त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशाने फारसीच्या ओझ्याखाली दबलेल्या कारभाराला पर्यायी शब्द दिले. सावरकरांच्या चळवळीने दिलेले 'दिनांक', 'महापौर' यांसारखे शब्द आज सर्वमुखी आहेत. प्रश्न आहे तो कसोटीचा. 'पाव' मराठीत आला तो मराठीच्या अटींवर. 'पावाला', 'पावाचा', 'पावात' अशी रूपे त्याने निमूटपणे धारण केली. चावी, लिलाव, घमेले, पगार हेही असेच पोर्तुगीज पाहुणे, आता घरचे झालेले. याउलट ज्या वाक्यात नाम, विशेषण आणि धातू हे सारेच परभाषेचे असून शेवटी केवळ 'करणे' वा 'होणे' मराठीचे उरते, तेथे पाहुण्याने घरच ताब्यात घेतलेले असते. शब्दाचा जन्म कोठे झाला, यापेक्षा तो आपल्या व्याकरणात नांदतो की नाही, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

वसईत या कसोटीचा पुरावा डोळ्यांसमोर आहे. येथील सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती यांचे धर्म निराळे झाले, परंतु त्यांची बोली एकच राहिली. 'कुपारी' हे नाव 'कोंपाद्रे' या पोर्तुगीज शब्दावरून आले असे मानतात. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुबोध बायबल' मराठीत लिहितात आणि २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होतात. पावाने ज्यांना वेगळे केले असे म्हणतात, त्यांना भाषेने कधीच वेगळे केले नव्हते.

म्हणून अभिजाततेचा उत्सव करताना शाळांनी एक लहानसे काम हाती घ्यावे. वसई तालुक्यातील विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील, शेतातील, होडीवरील शब्द आजी-आजोबांकडून विचारून वहीत उतरवावेत आणि शिक्षकांनी त्यांची कुळे शोधण्यास साहाय्य करावे. नालासोपारा-विरारच्या वाढत्या वस्तीत या बोलीचे शब्द झपाट्याने विरत चालले आहेत. उशीर झाला तर विचारायला माणसे उरणार नाहीत. त्या वहीत संस्कृत, प्राकृत, फारसी, पोर्तुगीज असे सारेच शब्द शेजारी शेजारी बसतील. एकाच पंक्तीला बसण्याचा तो पाठ मुलांना कोणत्याही वेगळ्या पुस्तकातून शिकवावा लागणार नाही.