न दिसणारी जखम

आमच्या धामापूरच्या तलावाकाठी, भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर, माझ्या लहानपणी एक वृद्ध गृहस्थ बसलेले दिसत. आम्ही मुले त्यांना आबा म्हणत असू. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून ते इटलीत लढून आले होते. त्यांच्या अंगावर कोठेही व्रण नव्हता. मात्र दिवाळीचा पहिला फटाका वाजला, की आबा हातातले काम टाकून रानात निघून जात. एकदा आम्ही खट्याळपणे त्यांच्या पाठीमागे लवंगी फटाक्यांची माळ लावली. आबा दोन्ही हातांनी डोके झाकून पायरीवर पालथे पडले; आणि आम्ही हसलो! “लढाईवरचा माणूस, आणि इतका भित्रा?” असे आमच्यापैकी कोणीसे म्हणाले. ते हसणे आठवले म्हणजे आजही माझी मान खाली जाते.

मुलांनो, आबा भित्रे नव्हते. ज्या इटलीत १९४४ साली यशवंत घाडगे यांनी प्राण वेचले आणि १९४५ साली नामदेव जाधव यांनी आपल्या जखमी सोबत्यांना वाचविले, व दोघांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, त्याच रणभूमीवर आबाही उभे होते. तोफगोळ्यांच्या वर्षावात माणूस जगतो, तो आवाज होताच भुईसपाट होण्याची सवय लागल्यामुळे. युद्ध थांबते, बंदूक जमा होते. परंतु ती सवय जमा करून घेणारे कोठार कोणत्याच सैन्यात नसते.

पहिल्या महायुद्धात डॉक्टरांनी या व्यथेला ‘शेलशॉक’ म्हटले. पुष्कळ अधिकाऱ्यांना मात्र ते भेकडपणाचे सोंग वाटे. पलायन, भेकडपणा अशा आरोपांखाली आपल्याच सैन्याने गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने पुढे माफी दिली, ती २००६ साली! त्यांतील काही जण या व्यथेनेच खचलेले होते. मेलेल्याला माफी देण्यापेक्षा जिवंतपणी त्याला समजून घेणे अधिक कठीण असावे.

ही जखम केवळ सैनिकालाच होते, असेही नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला व शेकडो माणसे दगावली. माझी आजी तेव्हा डोंगरीस राहत असे. शत्रू तिने कधी पाहिलाही नव्हता. तरी पुढे गावी आल्यावर मेघगर्जना झाली, की ती आम्हा नातवंडांना ओढून माजघरात नेई व पाऊस थांबेपर्यंत हात सोडीत नसे. हात तुटलेल्या माणसाला आपण उठून जागा देतो. मग झोप तुटलेल्याला आपण का हसावे?

पुढल्या दिवाळीत मी आबांच्या मागोमाग रानात गेलो. ते एका काजूच्या झाडाखाली बसले होते. “बस हंय, झिला,” एवढेच ते म्हणाले. लढाईविषयी ते चकार शब्द बोलले नाहीत. वाडीतले फटाके थांबेपर्यंत आम्ही दोघे तलावातील पाणकोंबड्या मोजीत बसलो.