वाचून आलेला रोगी

पूर्वी आपल्या घरांतून डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानला जाई. मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी लावलेल्या त्या बाटलीत कोणते औषध आहे, हे विचारण्याची रीत नव्हती. आजचा रोगी दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वीच मोबाइलवर आपल्या व्याधीविषयी बरेच काही वाचून आलेला असतो. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. शिक्षकाच्या तोंडी ते शोभणारही नाही. वाईट आहे ते वाचलेले लपविणे.

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचेच पाहा. इंटरनेटवर त्यांच्याविषयी वाचू लागले की स्नायुदुखीचा उल्लेख हटकून आढळतो. चार दिवसांनी पोटऱ्या दुखू लागतात, गोळी परस्पर बंद होते, आणि डॉक्टरांना मात्र 'नियमित घेतो' असे सांगितले जाते. पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल चढलेले दिसते आणि डॉक्टर बिचारे मात्रा वाढवितात!

लंडन येथील एका प्रयोगाचा वृत्तांत २०२० साली प्रसिद्ध झाला. त्रासापायी या गोळ्या सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी औषधहीन गोळी, तर काही महिने काहीच नाही, असे आळीपाळीने देण्यात आले. स्टॅटिनने जेवढा त्रास जाणवला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास औषधहीन गोळीनेही जाणवला. दुखणे खोटे नव्हते. त्याचे मूळ बहुतांशी धास्तीत होते. स्वतःच्याच नोंदी समोर ठेवून समजावल्यावर त्यांतील निम्म्या जणांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मात्र क्वचित स्नायूंना खरीखुरी इजाही होते, आणि हा निवाडा घरबसल्या करता येत नाही.

'गूगल' हा शब्द ऐकताच आठ्या घालणारे डॉक्टरही या लपवाछपवीला हातभार लावतात. एकदा हसे झालेला रोगी पुन्हा तोंड उघडत नाही.

आपणा इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी मंडळींची अडचण तर आणखी निराळी. वाचन इंग्रजीत, डॉक्टरांशी बोलणे हिंदीत, आणि दुखण्याचे शब्द मराठीत. ठणका, चमक, पोटरीत गोळा येणे या साऱ्यांचे तिथे एकच 'दर्द' होऊन बसते. तेव्हा कोठे, केव्हा आणि किती वेळ दुखते, हे घरीच चिठ्ठीवर उतरवून न्यावे. काय वाचले आणि कोणती गोळी कधीपासून बंद केली, हेही त्याच चिठ्ठीत लिहावे. उरलेल्या गोळ्यांची पाकिटेही सोबत असू द्यावीत.