संशयामागची माया

वुडी ॲलन यांचा ‘मॅजिक इन द मूनलाइट’ हा २०१४ सालचा चित्रपट डोळ्यांना सुखावतो. काळ १९२८चा, दक्षिण फ्रान्सचा समुद्रकिनारा, बागबंगल्यांवरची कोवळी उन्हे. कॉलिन फर्थचा स्टॅन्ली हा नामवंत जादूगार मृतात्म्यांशी बोलणाऱ्या सोफीचे बिंग फोडायला येतो आणि तिच्या प्रेमात पडतो. एमा स्टोनने ही सोफी लोभस रंगवली आहे. प्रेमकथा म्हणून सारे गोडच. आक्षेप आहे तो स्टॅन्लीच्या रेखाटनाला. पुरावा मागणारा माणूस म्हणजे तुसडा, शिष्ट, जगण्यातला आनंद हरवलेला, असे चित्र इथे उभे राहते. इतिहास वेगळे सांगतो.

त्या काळात भोंदू माध्यमांचा, म्हणजे मृतांशी बोलतो असे भासवणाऱ्यांचा, कर्दनकाळ होता जादूगार हॅरी हुदिनी. आईवर त्याचा विलक्षण जीव होता. १९१३ मध्ये ती गेली तेव्हा तो परदेशात होता. १७ जून १९२२ रोजी अटलांटिक सिटीतल्या हॉटेलात शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांच्या पत्नीने पडदे ओढून घेतले, हाती पेन्सिल धरली आणि त्याच्या आईचा म्हणून पंधरा पानांचा मजकूर झरझर लिहून काढला. माथ्यावर क्रूस, भाषा सफाईदार इंग्रजी. आई ज्यू धर्मगुरूची पत्नी, इंग्रजी तिला जेमतेम. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता, त्याचा पत्रात उल्लेखही नव्हता. आईचा एक शब्द ऐकायला आसुसलेला मुलगा तो कागद वाचत होता. पुढे तो खोटी दाढी लावून बैठकांना जाऊ लागला आणि एकेक ढोंग उघडे पाडू लागला. पहिल्या महायुद्धाने घरोघरी ओढवलेल्या पुत्रशोकावर माध्यमांचा धंदा चालला होता. खुद्द डॉइल यांनीही १९१८ मध्ये मुलगा गमावला होता.

चित्रपटातही शोकाकुल ग्रेस आहे. नवरा एकनिष्ठ होता ना, हे ती त्याच्या आत्म्याला विचारते आणि ठकठक ऐकून सुखावते. सोफीच्या नियोजित संस्थेसाठी पैसा तिचाच येणार असतो. सोफीचे सोंग उघडे पडल्यावर मात्र पटकथा ग्रेसकडे वळूनही पाहत नाही, प्रेमाच्या कबुलीत रमते. हे मला खटकते.

आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी आधी ‘चमत्कार’ करून दाखवतात, मग त्यातली युक्ती सांगतात. फसणाऱ्याबद्दल आस्था असल्याखेरीज हे काम वर्षानुवर्षे होत नाही. या कामाला आयुष्य वाहिलेल्या नरेंद्र दाभोलकरांची ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात हत्या झाली. हा चित्रपट त्यानंतर वर्षभराच्या आत पडद्यावर आला. तो पाहाच, पण स्टॅन्लीवरून संशयी माणसाची परीक्षा करू नका.